सुंभाचं माप

रत्नप्रभा तावडे पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या उजव्या गुडघ्याला तेल चोपडलेलं होतं आणि वर एरंडाचं पान बांधलेलं होतं. १९८५ सालच्या दसऱ्यानंतरचा आठवडा असावा. मुलुंडच्या त्या धर्मादाय रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी होता. ते नाव कुणाच्या तोंडी बसत नसे. सगळे ‘शेकाची खोली’ म्हणत. तिथे मी आणि शांताबाई नावाची आमची आया, अशा दोघीच होतो.

“दोन वर्षं झाली,” रत्नप्रभा म्हणाली. “चोळून चोळून माझ्या हाताची सालं गेली, पण गुडघा काय ऐकत नाय.”

मी पान सोडलं. गुडघा सगळीकडून दाबून पाहिला, वाकवला, सरळ केला. तिने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मग मी तिचा पाय खुब्यातून जरासा आत वळवला, तशी ती “आये गो” करून ओरडली आणि तिने शांताबाईंचं मनगट धरलं.

“दुखणं खुब्यात आहे,” मी म्हणाले. “खुब्याला जी नस जाते तिचाच फाटा गुडघ्यालाही जातो. म्हणून ते खाली जाणवतं.”

“म्हणजे दोन वर्षं मी शेजाऱ्याचंच दार ठोठावत बसले?”

शांताबाई हसल्या. मनगट चोळत म्हणाल्या, “आणि शेजाऱ्याला फुकटचं तेल मिळालं.”

एक्स-रे आला. खुब्याच्या गोळ्याच्या आणि वाटीच्या मध्ये जी फट तीन-चार मिलिमीटर असायला हवी, ती वरच्या बाजूला जेमतेम एक उरली होती. मी तिला फिल्म उजेडात धरून दाखवली. मी पेशंटना फिल्म दाखवते. निम्मी भीती न दिसणाऱ्या गोष्टीची असते. ती बराच वेळ बघत राहिली. फटीतलं झिजलेलं वंगण पुन्हा येतं का, असं तिने विचारलं. येत नाही, असं मी सांगितलं. मात्र भोवतालचे स्नायू बळकट केले तर सांध्यावरचा भार कमी होतो, दुखणं कमी होतं, उरलेलं पुष्कळ दिवस पुरतं. मोठी शस्त्रक्रिया डॉक्टरांनी पुढे ढकलली होती.

मग मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. तुम्हाला काय करता यायला हवंय? बायका बहुतेक करून सांगत, मांडी घालून बसता यायला हवं, जिना उतरता यायला हवा. रत्नप्रभा म्हणाली, “होडीत चढायला.”

तिचं माहेर सिंधुदुर्गात, खाडीच्या पलीकडे होतं. एसटी अलीकडच्या काठापर्यंत जाई. पुढे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. पलीकडच्या घरात तिची थोरली बहीण जानकी एकटी राहत होती. लग्न होऊन दोन वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परत आली, तेव्हापासून तिथेच. आईबाप गेले, भाऊ नव्हता. रत्नप्रभाला लहानपणी जानकीनेच सांभाळलेलं, न्हाऊ घातलेलं. पाच वर्षांत दोघी एकमेकींना दिसल्या नव्हत्या.

“तिला इथे बोलावून घ्या ना,” मी म्हणाले.

“दर वर्षी बोलावतो. लिहून पाठवते, गाय कोण बघणार. एका गायीपायी बहीण नको झाली तिला.” मग जरा आवाज उतरवून, “मी तरी काय लिहिते? कधी ह्यांची ड्यूटी, कधी पोराची परीक्षा. पायाचं नाय कळवलंय. ती तिकडे रडत बसेल.”

‘हे’ म्हणजे लवू. गिरणीत होता, संपानंतर भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन लागला. रात्रपाळी करून सकाळी बायकोला घेऊन यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपायचा.

आठवड्यातून तीन दिवस ती यायला लागली. डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय सरळ वर उचलायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. पाठीवर झोपून कंबर उचलायची. वीस मिनिटं नुसतं पालथं झोपायचं, म्हणजे खुबा पुढे वाकून आखडत नाही. काठी डाव्या हातात. ह्या काठीवरून तिच्या चाळीत गोंधळ झाला. दुखतो उजवा पाय आणि काठी डावीकडे, हे कुणालाच पटेना.

“आमच्या मजल्यावरच्या सुंदराबाई म्हणतात, तुझी डॉक्टरीण नवी दिसते,” तिने एकदा सांगितलं. “जाता येता काठी काढून माझ्या दुसऱ्या हातात देतात.”

मी तिला भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर चालायला लावलं. एकदा काठी उजवीकडे, एकदा डावीकडे. काठी उजवीकडे असताना ती प्रत्येक पावलाला उजवीकडे कलत होती, होडीतला माणूस कलतो तशी. आपण अशा चालतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती थबकली.

“ही मी?”

“काठी डावीकडे घ्या आता.”

कलणं निम्म्याने कमी झालं. त्यानंतर सुंदराबाईंचं तिने ऐकलं नाही.

डिसेंबरपर्यंत खुबा नव्वद अंशांपर्यंत वाकायला लागला. सुरुवातीला बहात्तर होता. एसटीची पायरी जमेल असं मला वाटलं. तिथे धरायला दांडा असतो. होडीला धरायला काही नव्हतं. मी विचारलं, काठावरून होडीची कड किती उंच असते?

“असते अशी,” तिने पोटरीजवळ हात धरला. मग मांडीजवळ धरला. “पाण्यावर असतं, बाई. पाणी वर तर होडी वर.”

“मला आकडा हवा.”

“जानकीकडे कुठला आकडा? तिला फूटपट्टी म्हणजे काय ठाऊक नाय.”

तिने पत्र टाकलं. वीसेक दिवसांनी उत्तर आलं, तिकडच्या शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात. पाकिटात सुंभाचा एक तुकडा होता, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. मास्तरांनी लिहिलं होतं, ‘तुझी बहीण सांगते की एक गाठ पायरीच्या दगडावर व दुसरी होडीच्या कडेवर. पुनवेच्या दुपारी भरपूर पाणी असताना धरले आहे. लवकर ये असे सांगते. कशाला हवे ते विचारते.’

मी सुंभ टेबलावर ताणून मोजला. अकरा इंच. पेशंटकडून मिळालेलं इतकं नेमकं माप मी तोवर पाहिलं नव्हतं. दोन टोकं, तिथी आणि वेळ. कॉलेजात माझ्याबरोबरच्या मुलीही प्रयोगाची वेळ लिहायला विसरत.

“ओहोटीला किती होईल?” मी विचारलं.

“ओहोटीला पाच-सहा दगड उघडे पडतात, शेवाळाचे. तेव्हा चढायचंच नाय. भरतीला जायचं.” आणि भरती कधी ते तिने मला शिकवलं. तिथीला पाऊणने गुणायचं, तितके वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. मी घरी जाऊन पडताळून पाहिलं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. पंधरवड्यापुरता हिशेब पुरेसा बरोबर होता. पण अष्टमीच्या आसपास भरतीलाही पाणी फारसं चढत नाही, त्याला ती भांग म्हणाली. सगळ्यात वर ते पौर्णिमेला आणि अमावास्येला. तेव्हा आम्ही माघी पौर्णिमा धरली. एसटी सकाळी पोचते, पाणी दुपारपर्यंत चढतं. सगळं नीट बसत होतं.

शांताबाईंनी सुताराकडून अकरा इंच रुंदीची फळी कापून आणली. चालायच्या दोन समांतर दांड्यांच्या मध्ये आम्ही ती आडवी, कडेवर उभी बसवली. तिने ओलांडून जायचं. आधी डावा पाय पलीकडे टाकायचा; तेवढ्या वेळात सगळा भार दुखऱ्या उजव्यावर. दोन आकडे मोजेपर्यंत. पहिल्या दिवशी तिला एकही आकडा मोजता आला नाही, दोन्ही हातांनी दांडे आवळून धरले. महिन्याभराने एक हात सुटला. फेब्रुवारीत शांताबाई फळी मुद्दाम हलवायला लागल्या.

“अगं, पाडशील!” रत्नप्रभा ओरडायची.

“होडी काय खिळे ठोकून ठेवलीय का तुझ्यासाठी? चल, टाक पाय.”

कधी कधी फळीपलीकडे पाय टेकल्यावर ती तिथेच उभी राहायची. पलीकडे भिंत, भिंतीवर हाडांचा तक्ता. ती त्याच्याकडे पाहत असायची, आणि मला माहीत होतं की तिला तिथे माडांच्या खालचे दगड आणि पाठमोरी फिरणारी बाई दिसतेय. दुपारच्या वेळी जानकी तुळशीजवळ तांदूळ निवडते, असं ती सांगायची. घराच्या कुठल्या खोलीत आत्ता ऊन असेल तेही सांगायची. मी तिला तेवढं उभं राहू द्यायची, मग पुढचं मोजायला घ्यायची.

माघी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ती आणि लवू एसटीत बसली. चार दिवसांनी येते म्हणाली. चार दिवस झाले, आठ झाले. फळी दांड्यांजवळ टेकून होती. लवूही दिसला नाही, त्याच्या कारखान्यात कुणाला विचारायचं तेही मला ठाऊक नव्हतं. पडली असेल का, असं रोज सकाळी मनात येई. अकरा इंचांवर माझा विश्वास होता. तरीही येई.

ती आली ती अठराव्या दिवशी. चेहरा उन्हाने काळवंडलेला, काठी डाव्या हातात.

“अगं बाई, मेलीस की काय म्हटलं!” शांताबाईंनी तिला दारातच गाठलं. “आमची फळी रडायला लागली.”

“तुमची फळी फुकट गेली,” ती म्हणाली आणि पलंगावर बसली. मग तिने सगळं सांगितलं.

सुंभ बरोबर होता. फक्त तो पलीकडच्या काठाचा होता. जानकीने आपल्या पायरीच्या दगडापासून मोजलं होतं, जिथे उभी राहून ती बहिणीला उतरवून घेणार होती. अलीकडच्या काठाला, जिथे एसटी थांबते आणि जिथून होडीत चढायचं, तिथे दगडच नाहीत. पूर्वी एक धक्का होता, पण तो चार पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. आता चिखल आणि पुढे गुडघाभर पाणी. माणसं पाण्यात चालत जातात, होडीच्या कडेवर तळवे टेकून अंग वर टाकतात. होडीची कड तिच्या कमरेला येत होती.

दोन महिने मी तिथीचा आणि चंद्राचा हिशेब केला होता आणि दुसऱ्या काठाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

“मी चिखलात उभी,” ती म्हणाली. “समोर ती दगडावर उभी. मधे पाणी. एवढंसं. तिच्या लुगड्याचा रंग दिसत होता, बाई. हाक मारली की ऐकू येत होती. आणि जाता येत नव्हतं.”

होडीवाल्याने आणि लवूने तिला उचलून घालायचं ठरवलं. ती नको म्हणाली. उचलून जायचं असतं तर दोन वर्षं कशाला थांबले असते, असं ती लवूला म्हणाली. लवू रात्रभर एसटीत बसून आलेला. तो म्हणाला, मग चल माघारी, पाणी उतरायच्या आत ठरव. एवढ्यात पलीकडून जानकी ओरडली, “ये गो रत्ना! कित्याक उबी रवलंस?”

“मग?” शांताबाई.

“मग काय. म्हटलं, उचला.”

एकाने काखेत धरलं, एकाने पायाशी. मधेच लवूचा पाय चिखलात घसरला आणि पलीकडून जानकीचा आवाज आला, “ओ पावण्यानू, ती भाताची गोण न्हय! नीट धरा!” होडीतली माणसं हसली. लवूही हसला, आणि हसताना त्याने तिला जवळजवळ पाण्यात सोडलं.

पलीकडे मात्र माप जुळलं. तिने डावा पाय कडेवरून दगडावर टाकला, दुखऱ्यावर दोन आकडे उभी राहिली आणि कुणाचा हात न धरता उतरली. जानकीने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

“छान,” मी म्हणाले.

“छान नाय, बाई. ऐका. घराकडे निघालो. ती पुढे, मी मागे. वाट अरुंद आहे. आणि मी बघते, ती चालतेय...” तिने पलंगावरून उठून चार पावलं चालून दाखवलं. काठी न घेता. प्रत्येक पावलाला अंग डावीकडे कलत होतं. आरशात मी तिला जे दाखवलं होतं तेच, फक्त दुसऱ्या बाजूचं.

“तिचाही पाय?”

“तिचाही. पाच वर्षं. गोठ्यात गेले तर गोठा रिकामा. गाय दोन वर्षांपूर्वीच विकली. वाकून धार काढता येत नव्हती. आणि मला लिहिते गाय कोण बघणार.” ती हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. “ती ह्या काठाला कधी आलीच नव्हती, बाई. धक्का गेला तेव्हापासून होडीत चढलीच नाय. तिला कुठून कळणार इकडे काय आहे ते.”

शांताबाईंनी तिला पाणी आणून दिलं.

पहिल्या रात्री दोघी एकमेकींवर रागावल्या. तू का नाही लिहिलंस, तू का नाही लिहिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीने विळीशेजारी पाय लांब करून बसून नारळ खोवला, आणि रत्नप्रभाला दिसलं की तिच्या पायाची नखं वाढून वळली आहेत. आपल्याच पायापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. रत्नप्रभाचाही पोचत नसे. तिची नखं घरी लवू कुरकुरत कापायचा. ओटीवर समोरासमोर बसून त्यांनी एकमेकींचे पाय मांडीवर घेतले आणि नखं कापली.

लवू चौथ्या दिवशी मुंबईला परतला. रत्नप्रभाला परत यायला पुन्हा वरचं पाणी हवं होतं. पलीकडच्या दगडांवरून होडीत चढायचं तर अकराच इंच हवेत, आणि ते फक्त अमावास्येला.

“तुमच्या मिस्टरांना पटलं?” मी विचारलं.

“हे म्हणाले, तुझ्या त्या बाईने तुला हेच शिकवलंय का. मी म्हटलं, हो, बाईंनीच सांगितलंय, भांगाच्या पाण्यात चढायचं नाय.” मी तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं. “अकरा दिवस जास्त मिळाले. पाच वर्षांत अकरा.”

त्या अकरा दिवसांत तिने जानकीला सगळे व्यायाम शिकवले. चटईवर दोघी शेजारी झोपायच्या, एक डाव्या कुशीवर, एक उजव्या. तोंडं एकमेकींकडे. एक मोजायची, दुसरी पाय उचलायची. जानकीला दहाच्या पुढे मोजायचा कंटाळा, म्हणून ती आठला थांबून गप्पा मारायची.

अमावास्येला दुपारी जानकी दगडापर्यंत आली. होडीत चढली नाही. इकडच्या चिखलात रत्नप्रभाला उतरवून घ्यायला दोन माणसं होती. ती उतरली, वळली, तर समोर दगडावर बहीण अजून उभी होती. कोणी हाक मारली नाही. एसटीला दीड तास होता. दीड तास दोघी आपापल्या काठावर बसून राहिल्या आणि मधलं पाणी उतरत गेलं.

मी तिचा खुबा मोजला. ब्याण्णव अंश. गमावलं काही नव्हतं. मग तिने पिशवीतून कागद काढला आणि म्हणाली, जानकीसाठी व्यायामाची चित्रं काढून द्या, तिला वाचता येत नाही, पोस्टाने पाठवते. मी सहा चित्रं काढली. डावा पाय कुठला ते कळावं म्हणून त्याला लाल पेन्सिल लावली.

ती चित्रं निरखत होती. मग मान वर न करता तिने विचारलं, “बाई, खरं सांगा. अजून किती वर्षं असं जाता येईल?”

मी तिची फिल्म पाहिली होती. जानकीची पाहिली नव्हती. सांधा कधी थांबेल ते फिल्मवरूनही सांगता येत नाही, असं मी म्हणाले. तीन वर्षं असतील, आठ असतील. व्यायाम सोडला तर कमी. जानकीचं काय ते मला इथून कळणार नाही, वय जास्त आहे आणि तिकडे बघायला कोणी नाही. तुम्ही दोघींनी नेमाने केलं तरी दोघींचे पाय टिकतीलच असं मी सांगू शकत नाही.

तिने ते नीट ऐकून घेतलं. एक्स-रेचं ऐकलं होतं तसंच.

“दोघींचे कशाला लागतात?” ती म्हणाली. “भेटायला एकीचा पुरतो.”

कागद घडी करून तिने पिशवीत ठेवला, काठी पलंगाला टेकवली आणि डाव्या कुशीवर झोपली. शांताबाईंनी मोजायला सुरुवात करायच्या आधीच तिने पाय उचलला होता.